सहाशे साठ पिसं

२ मार्च

चिरंजीव विसरभोळ्या नातीस,

आशीर्वाद नंतर देते, आधी तक्रार. जाताना तू छत्री विसरलीस, मोज्यांचा एक जोड विसरलीस आणि दुसऱ्या जोडातला एकच मोजा नेलास. ते एक वेळ चालेल. पण टेबलावर चार पानं भरून सूचना लिहून ठेवल्यास, त्या कुणासाठी गं? माझ्यासाठी? सव्वीस वर्षं माझ्या अंगाखांद्यावर वाढलीस आणि बोटीच्या घाईत एवढं विसरलीस, की तुझ्या आजीला अक्षर ओळखता येत नाही. पानं हातात धरून मी मान हलवत बसले होते. ती उलटी धरली आहेत हे तळमजल्यावरच्या ऑपरेटरबाईंनी सांगितलं.

हे पत्रही त्याच लिहीत आहेत. तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून जगाचं बोलणं जोडून दिलं, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून मधे न बोलायची सवय आहे. तरी बोलतात. (क्वचित. — ऑपरेटर)

आता मला समजलंय ते सांगते. तू त्या बेटावर हवेचे आकडे टिपायला गेलीस, दहा जूनला परत येणार. तिथे इंटरनेट नाही, पंधरवड्याला एक बोट येते, तिच्यातून पत्रं. इकडे तुझ्या कॉम्प्युटरातल्या खेळात तुझी वीस जणांची टोळी आहे. तुम्हाला मिळून शेवटचं दार उघडायचंय, आणि प्रत्येकाकडे राखपक्ष्याची हजार पिसं असल्याशिवाय ते उघडत नाही. तुझी झाली तीनशे चाळीस. दिवसाला दहाच्या वर एकही मिळत नाही. म्हणजे सहासष्ट दिवस कुणीतरी रोज टेकडी चढायची. ते कुणीतरी म्हणजे मी.

तू शिकवलेलं सगळं हाताच्या लक्षात आहे. सकाळी चहा झाला की बसते. पक्षी दगडामागून येतो, मी काठी उगारते, तो राख होतो, पीस उरतं. दहा वेळा. एकदाच कड्यावरून पडले. तू म्हणाली होतीस तशी पुन्हा जिवंत झाले, पण उगाच गुडघा चोळत बसले होते. रोज एक बटण बरणीत टाकते, म्हणजे किती दिवस झाले ते कळतं. आज दहा बटणं आहेत.

तुझ्या टोळीचं काम शिस्तीचं वाटलं. टेकडीखाली मोठं दालन आहे, मधोमध पेटी, येणारा-जाणारा तिच्यात काही ना काही टाकतो. मला पेन्सिलींच्या कारखान्यातलं आमचं टेबल आठवलं. तू काळजी करू नकोस, माल जागच्या जागी जातोय.

एक विचारते. रोज तोच पक्षी, तीच काठी, तीच टेकडी. तुला हे करायला कुणी पगार देतं का?

तुझी आजी
(अंगठा उठवला आहे. शाई जास्त झाली.)


१६ मार्च

प्रिय आजी,

पत्र हातात पडलं आणि पहिलं वाक्य वाचून मी वारा मोजायच्या खोलीत एकटीच लाजले. चार पानं. मला खरंच काही सुचलं नव्हतं गं. ऑपरेटरकाकूंना माझा नमस्कार, आणि मोजा सापडला तर जपून ठेव.

इथे दर तीन तासांनी टेकाडावर जाऊन पेटीतलं तापमान बघायचं, वारा बघायचा, पावसाचं नळकांडं बघायचं आणि वहीत लिहायचं. स्टेशनप्रमुख गेली नऊ वर्षं हेच करतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन वाक्यांत काम शिकवलं, तेव्हापासून आम्ही मिठाच्या बरणीव्यतिरिक्त काही बोललेलो नाही.

पगार नाही मिळत, आजी. उलट दर महिन्याला आम्हीच पैसे भरतो. हसू नकोस. तेच तेच करून वस्तू गोळा करायच्या, त्याला आम्ही ग्राइंडिंग म्हणतो. आणि वर चढायच्या सगळ्या पायऱ्या संपल्या की जे उरतं त्याला एंडगेम म्हणतात. खेळ संपल्यावर खरा खेळ तिथे सुरू होतो. शेवटचं दार म्हणजे तोच.

तुला एक सांगते, हसायच्या आधी ऐक. मी आजवर काहीच शेवटपर्यंत नेलेलं नाही. पोहणं सोडलं, पहिलं कॉलेज सोडलं, तुझ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची एक बाही तुझ्या कपाटात आहे. हा खेळ मात्र चार वर्षं झाली, सोडला नाही. आमच्या वीस जणांत मी बरं करणारी. लढताना कोण किती जखमी आहे ते बघायचं आणि त्याला उभं ठेवायचं. दार उघडेल त्या दिवशी मला तिथे असायचंय. एवढंच. म्हणून ती पिसं.

टोळीचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. कडक माणूस. जिची पिसं भरली नाहीत तिची जागा तो दुसऱ्याला देईल, आणि मी त्याला दोषही देऊ शकणार नाही. आमच्या मागावर दुसरी एक टोळी आहे, आणि त्याला पहिलं व्हायचंय.

तुझी ठमी


३० मार्च

ठमे,

स्वेटरचा विषय तू काढलास, मी नाही. ती बाही मी हिवाळ्यात गळ्याभोवती गुंडाळते. उबदार आहे.

तुम्ही ज्याला ग्राइंडिंग म्हणता, त्याला आम्ही नोकरी म्हणायचो. एकतीस वर्षं पेन्सिली बांधल्या. मुठीत घ्यायच्या त्या बरोब्बर बारा यायला हव्यात. अकरा आल्या तर हाताला कळायचं, डोळ्यांना बघावं लागायचं नाही. आयुष्यभर पेन्सिली मोजल्या, चालवली एकही नाही. आणि सगळ्या पायऱ्या संपल्यावर जे सुरू होतं, तुमचं ते एंडगेम, तेही मला माहीत आहे. त्याला पेन्शन म्हणतात. त्यातही रोज तेच असतं.

तरी खोटं कशाला बोलू, मला टेकडी आवडायला लागलीय. पक्षी यायच्या आधी दगडावरची सावली जरा हलते. ती हलली की मी तयार. आता दहा पिसांना चहाचा अर्धा कपसुद्धा थंड होत नाही. ऑपरेटरबाई दारातूनच बघतात. त्यांना राक्षसांची भीती वाटते. (पत्रलेखिकेला हे मान्य नाही. — ऑपरेटर)

तुझी टोळी फार संस्कारी निघाली बाई. तू उगाच कडक म्हणालीस. मी दालनात शिरले की लोक उठून उभे राहतात. कुणी वाकून नमस्कार करतं, कुणी फुलं उधळतं. एकाने माझ्याभोवती नाच केला. तो कोण ते मी पडद्यावरचं चित्र वर्णन करून ऑपरेटरबाईंना सांगितलं आणि त्यांनी तुझ्या चार पानांतल्या टोळीच्या यादीत बघून बेकरीवाला असं काढलं. परवा कुणीतरी मला पिसाऱ्याचा झगाही दिला. मुकादम स्वतः आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले. मुकादम म्हणजे तुझा दातांचा डॉक्टर. सगळीकडे मागे हात बांधून फेऱ्या मारतो, म्हणून मी त्याला मुकादमच म्हणते.

मला वाटतं, माझं वय त्यांना चालण्यावरून कळत असावं. हल्लीची मुलं म्हाताऱ्यांना बघून मोबाईलमध्ये तोंड घालतात अशी माझी समजूत होती. ती मी मागे घेते.

बरणीत अडतीस बटणं झाली. तुझ्या निळ्या शर्टाची संपली, आता पांढऱ्याची काढतेय.

आजी


१४ एप्रिल

प्रिय आजी,

मी तुझं पत्र तीनदा वाचलं. मग स्टेशनप्रमुखांनाही वाचून दाखवलं, म्हणजे बघ माझी काय अवस्था झाली असेल.

आजी, ते कुणालाही नमस्कार करत नाहीत. चार वर्षांत मला कुणी एक फूल उधळलेलं नाही. मुकादम (नाव अगदी शोभतं त्याला) मला एकदाच 'ठीक' म्हणाला होता आणि मी तो दिवस लक्षात ठेवलाय. पिसाऱ्याचा झगा मिळवायला महिनाभर राबावं लागतं. तो कुणी कुणाला वाटेवर देत नाही.

तू रोज पिसं वेचतेस त्यात मला शंकाच नाही. पण माझी शर्टं संपायच्या आत एक कर. ऑपरेटरकाकूंना कॉम्प्युटरपाशी बसव. राक्षस टेकडीवर असतात, दालनात नसतात, असं सांग त्यांना. पडद्यावर खाली उजवीकडे पिशवीचं चित्र आहे. ती उघडली की पिसाचं चित्र आणि त्याच्यापुढे आकडा दिसेल. तो आकडा मला लिहून पाठवा. आज सात-आठशेच्या पुढे असायला हवा.

शर्टांबद्दल आपण मी आल्यावर बोलू.

ठमी


२८ एप्रिल

ठमे,

आकडा तीनशे चाळीस आहे.

ऑपरेटरबाईंनी दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. काल बरोब्बर सहासष्ट दिवस झाले. बरणीत सहासष्ट बटणं आहेत, ती मी आज पुन्हा मोजली. म्हणजे सहाशे साठ पिसं मी वेचली, आणि तुझ्या पिशवीत एकही गेलं नाही. मग ती गेली कुठे? दालनातल्या पेटीत.

सांगते कसं ते. आमच्या टेबलाला बारा जणी बसायच्या. डझन बांधला की तो मधल्या खोक्यात टाकायचा. खोकं टेबलाचं असायचं, बाईचं नाही. संध्याकाळी मोजणी व्हायची ती पूर्ण टेबलाची. तयार माल मांडीत घेऊन बसणारी एक बाई आली होती, तिला आम्ही आठवडाभर टेबलावर टिकू दिलं नाही. माझ्या हाताला तेच माहीत. टेकडी उतरले, मधोमध खोकं दिसलं, सगळे त्यात टाकताहेत हेही दिसलं, हात आपोआप तिकडे गेला. तुझ्या चार पानांत पिसं वेचायची कशी ते सगळं आहे, ऑपरेटरबाईंनी मला आज पुन्हा वाचून दाखवलं. ठेवायची कुठे ते नाही, कारण ते विचारणारं माणूस तुला आजवर भेटलं नव्हतं.

ऑपरेटरबाई मग घाबरत घाबरत खाली बसल्या आणि लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते त्यांनी वाचून काढलं. टोळीतले सात जण मागे होते. पेटीत रोज दहा पिसं सापडतात म्हटल्यावर त्यांनी ती घेतली, प्रत्येकाला नव्वदच्या वर आली. त्यांना वाटलं, तू उदार झालीस. फुलं त्याची होती. माझ्या वयाची नव्हती.

आता वाईट बातमी, तीही माझ्याच तोंडून ऐक. तू सोडून सगळ्यांची हजार पिसं भरली. तुझ्या आजीच्या कृपेने ते महिनाभर आधीच तयार झाले, आणि मुकादमाने येत्या रविवारी दार उघडायचं ठरवलंय. तुझ्या जागी नवीन कुणी कायद्याची विद्यार्थिनी घ्यायचं चाललंय. एकदा पेटीतून पिशवीत घेतलेली पिसं परत काढता येत नाहीत म्हणे. मी विचारून पाहिलं.

माझं चुकलं. हे वाक्य ऑपरेटरबाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलंय की नाही ते बघ. रविवारी मी त्यांच्याशी बोलणार आहे. त्यानंतर लिहीन.

आजी


१२ मे

प्रिय आजी,

तुझं काही चुकलं नाही. चूक माझ्या चार पानांत होती.

रविवार तर होऊन गेला. दार उघडलं असेल. मला बरंच वाटतंय, खरं सांगते. एका खेळासाठी माणसाने किती जीव काढायचा? मी आल्यावर कदाचित तो खातंच बंद करीन आणि त्या वेळात काहीतरी शिकेन. पोहणं पुन्हा सुरू करीन. टोळीला सांग, मला काही वाटलं नाही, आणि त्या विद्यार्थिनीला माझ्या शुभेच्छा.

इथे वारा जोराचा आहे. कालच्या दिवसाचे दोन आकडे मी चुकीचे लिहिले. स्टेशनप्रमुखांनी स्वतः जाऊन ते दुरुस्त केले आणि मला चहा दिला.

ठमी


२६ मे

ठमे,

तुला बरं वाटतंय हे वाचून ऑपरेटरबाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी त्यांच्याकडे. खोटं बोलताना तू लहानपणापासून पोहण्याचा विषय काढतेस.

आता रविवारचं ऐक. ऑपरेटरबाईंनी तुझं टोळीशी बोलायचं यंत्र कानाला लावलं, घसा साफ केला आणि एकोणीस माणसांना म्हणाल्या, लाईन जोडली आहे, बोला. पंधरा वर्षांनी त्या एवढ्या खूष दिसल्या. मग यंत्र माझ्या डोक्यावर आलं. मी आधी सांगून टाकलं की टेकडीवरची बाई तुम्हाला वाटते ती नाही, तिची आजी आहे. मग बेकरीवाला म्हणाला, की कड्यावरून पडल्यावर गुडघा चोळत बसल्यासारखी थांबलात, तेव्हाच मला शंका आली होती. मी त्याला म्हटलं, तुझ्या पावाला माझा आशीर्वाद, पण माझ्या नातीची अठ्ठ्याण्णव पिसं तुझ्या पिशवीत आहेत.

मुकादम वाईट माणूस नाही. त्याने मला रीतसर सगळं समजावलं. दुसरी टोळी आठवड्या-दोन आठवड्यांत दार उघडेल. तुझी वाट बघायची तर दहा जूनपर्यंत, आणि मग पहिले ते, आम्ही नाही. चार वर्षांची मेहनत एका पिशवीसाठी थांबवता येत नाही. मी म्हटलं, पिशवी तुम्ही चार दिवसांत भराल. तुम्ही एकोणीस जण रोज टेकडीवर जाऊन दहा-दहा पिसं पेटीत टाका आणि मला तेवढी ती पेटीतून पिशवीत कशी घालायची ते दाखवा. त्यावर तो म्हणाला, तसं असेल तर आजी, तुम्हीच या आमच्याबरोबर आत. थांबायला नको, नावही तिचंच लागेल. तुमचा हात आम्ही बघितलाय.

मी खोटं सांगणार नाही, मला गुदगुल्या झाल्या. एकतीस वर्षांत मुकादमाने मला असं बोलावलं नव्हतं. मी विचारलं, दार उघडलं की दिसतं काय? तो म्हणाला, उजेड येतो, आणि मग वीस जणांची नावं भिंतीवर उमटतात, कायमची.

तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मला वाचता येत नाही. जिला येतं तिच्यासाठी थांबा."

मग मतं घेतली. अकरा जण थांबा म्हणाले, आठ जण नको म्हणाले. त्या सातांपैकी एक जण नको म्हणणाऱ्यांत होता. कोण ते मला माहीत आहे, पण तुझ्याशी त्याचं भांडण नको म्हणून सांगत नाही. मुकादमाचं मतही नको होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर सगळ्यांत आधी तोच उभा होता, हात मागे बांधून. एका दगडाभोवती एकोणीस जण पक्ष्याची वाट बघत रांगेत. सावली हलली की मी सांगायची, तुझा नंबर. चौथ्या दिवशी तुझी पिशवी भरली. ऑपरेटरबाईंनी आकडा वाचला, पूर्ण हजार, आणि त्या राक्षसांना विसरून टेबलावर कोपर टेकून बसल्या. (खरं आहे. — ऑपरेटर)

सतरा मे रोजी दुसऱ्या टोळीने दार उघडलं. पहिली नावं त्यांची लागली. मुकादम तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, आजी, दात स्वतःचे आहेत का? मी म्हटलं, अकरा आहेत, बाकीचे आठ नको म्हणाले. तेव्हा तो हसला, आणि ते यंत्रातून सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या दुसऱ्या टोळीकडून कळलेलं एक सांगून ठेवते, म्हणजे तिथे गेल्यावर तुझं तोंड पडायला नको. शेवटच्या दारापलीकडे जिना आहे. जिन्याच्या वर आणखी एक दार आहे, आणि त्याला कसल्यातरी माशाचे दोन हजार खवले लागतात. ऐकून मी इतकी हसले की ऑपरेटरबाईंनी पाणी आणलं. खवले कुणी वेचायचे ते तू ठरव. माझ्याकडे सकाळचा वेळ आहे.

दहाला बोटीत बस. चौदा जून, रविवार, संध्याकाळी सहा. एकोणीस जण येणार आहेत, आणि त्या विद्यार्थिनीला मी माझ्या शेजारी खुर्ची देऊन बघायला बसवणार आहे. तिचं घर आपल्यापासून दोन गल्ल्यांवर निघालं. कुणी जखमी झालं तर त्याला उभं ठेव, मुकादमालाही. भिंतीवर नावं आली की तुझं कुठलं ते मला बोट ठेवून दाखव. एवढं एक मी ओळखायला शिकेन. बाकीच्या एकोणीस जणांची शिकवायला बसू नकोस.

आणि हे पत्र घेऊन येणारी बोट परत निघेल, तिच्यातच तुमच्या कोठारातले अननसाच्या चकत्यांचे तीन डबे पाठव. तुझ्याबरोबर आणू नकोस, तू वाटेत खाशील. साखरेच्या पाकातले पाठव, नुसत्या पाण्यातले नकोत. डबा चेपलेला चालेल, फुगलेला नको.

तुझी आजी